रिकाम्या पाड्यावरची दवंडी

माझा आवाज चांगला आहे हे मी स्वतः सांगायची गरज नाही. पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या मांडवात मी माईक धरला ते सगळे सांगतील. मी निवेदक आहे. लग्नं, साखरपुडे, शाळांची स्नेहसंमेलनं, डाळ मिलचे वर्धापनदिन, निवृत्तीचे सत्कार, सगळं करतो. "मामांनी मुलीला आणताना घाई करू नये, फोटोवाला अजून जेवतो आहे" हे वाक्य मी असं टाकतो की मामाही हसतात आणि फोटोवालाही घास गिळून धावत येतो. आमच्या समाजातल्या एका लग्नात वंदना संपल्यावर भन्तेजींनी मला बाजूला घेतलं होतं. तुझ्यामुळे लोक शांत बसले असं ते म्हणाले, असं मी सगळीकडे सांगतो. खरं तर ते म्हणाले होते, तू जरा कमी बोल.

तर असा मी, आणि माझं सर्वांत सुंदर निवेदन ऐकायला एक म्हातारी बाई होती. बाकी शेळ्या.

सुरुवात जळगावात झाली. एका सल्लागार कंपनीच्या मॅडमचा फोन आला. त्यांना पावरी, म्हणजे सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची भाषा, येणारा आणि आवाज असणारा माणूस हवा होता. या दोन गोष्टी एका ठिकाणी माझ्याशिवाय कुठे सापडणार? माझे वडील चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत मास्तर होते. माझं लहानपण तिथे गेलं. घरात मराठी, अंगणात पावरी. बदली झाल्यावर आम्ही पाचोऱ्याला आलो, पण भाषा काही गेली नाही. अजूनही ठेच लागली की तोंडातून पावरीच निघते, आणि ती इथे लिहिण्यासारखी नसते.

मॅडम पुण्याच्या होत्या, तिशीच्या आसपास, डोळ्यांखाली काळं आलेलं. कामात फार काटेकोर. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा आणि शिरपूर या दोन तालुक्यांत, पडीक जमिनीवर झाडं लावायची आहेत. झाडं हवेतला धूर ओढून घेतात. दूरदेशी ज्यांच्या कारखान्यांतून धूर निघतो त्या कंपन्या या झाडांचा हिशेब आपल्या नावावर लावून घेणार. आता यात एक अट होती. जगभरच्या देशांनी मिळून असं मान्य केलं आहे की जिथे मूळचे रहिवासी राहतात तिथे पर्यावरणाच्या नावाखाली काहीही करायचं असेल तर त्यांना आधी विचारायचं. दबाव न टाकता विचारायचं. सगळं समजावून सांगून विचारायचं. आणि त्यांच्या भाषेत.

"त्यांच्या भाषेत, हे फार महत्त्वाचं आहे," मॅडम म्हणाल्या.

मला खरोखर भारी वाटलं. कुठल्यातरी थंड हवेच्या शहरात कोट घातलेली माणसं बसतात आणि ठरवतात की आमच्या डोंगरातल्या पावऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या दारात खड्डाही खणायचा नाही. माझे वडील हे ऐकायला हवे होते. पाड्यावरचं पोर पावरीत बोललं म्हणून शाळा तपासनीसाने एकदा त्यांना झापलं होतं. आता त्याच पावरीसाठी मला गाडी पाठवत होते.

जळगावच्या एका स्टुडिओत आम्ही रेकॉर्डिंग केलं. मजकूर इंग्रजीतून मराठीत आला होता आणि मराठीत आल्यावर त्याला ताप भरला होता. मी तो पावरीत सरळ केला. "तुमच्या डोंगराच्या उतरणीवर झाडं लागणार आहेत. ती धूर पिणार आहेत. धूर आमचा नाही, लांबच्यांचा आहे. तुम्हाला चालेल का, नाही चालणार, ते एका महिन्याच्या आत लेखी कळवा." मॅडमनी तीनदा पुन्हा म्हणायला लावलं. एका शब्दावर त्यांना शंका आली तर त्यांनी आश्रमशाळेत फोन लावून खात्री करून घेतली. इतकी प्रामाणिक बाई. गावकऱ्यांना फसवायचं असतं तर कोणी इतका त्रास घेतला नसता.

रेकॉर्डिंग संपल्यावर चहा घेताना मी म्हणालो, "मॅडम, पौषात पाड्यावर शेळ्या भेटतील बघा. माणसं सगळी ऊस तोडायला."

मॅडम हसल्या. मीही हसलो. "वेळापत्रक वरून आलंय हो," त्या म्हणाल्या आणि बिस्कीट पुढे केलं.

ती गोष्ट मी गंमत करून सांगितली. गंमत करून सांगितली की सांगितल्याचं समाधान मिळतं आणि पुढचं काही करावं लागत नाही. ही माझी जुनी सवय आहे. धंदाच तो. पण मला माहीत होतं. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. माणसं ट्रकमध्ये बसून गुजरातेत जातात, पोरंबाळं, कोंबड्या, भांडी घेऊन. दाराला काटेरी फांद्या लावतात. मग होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो तेव्हा नवे कपडे घालून परत येतात. हे मॅडमना नसेल ठाऊक. मला होतं.

जीपवर भोंगे बांधून निघालो. ड्रायव्हर धरणगावकडचा, पन्नाशीचा, माझ्याशी अहिराणीतच बोलायचा. फॉर्म मॅडमनी त्याच्याकडे दिला होता. काय सुंदर फॉर्म. भाषा कोणती, याला चौकट. आवाज किती लांब गेला, याला चौकट. गाडीचा फोटो, त्यावर जागा आणि वेळ उमटलेली, याला चौकट. ऐकायला कोण होतं, याला चौकट नव्हती.

शेवटचा पाडा माझ्या ओळखीचा निघाला. वडिलांच्या शाळेत इथली मुलं यायची. उतरणीवर पंधरावीस घरं, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, प्रत्येकाच्या दाराला बोरीच्या फांद्या. ड्रायव्हरने गाडी मधोमध उभी केली आणि आजूबाजूला पाहिलं.

"भाऊ, आठे तर कोनीच नई शे. बठ्ठं गाव गयेल शे. कोनले सांगी ऱ्हायना तू?"

"तुले काय करनं शे? तू फोटो काढ."

"काढस. पन शेळीले समजी का पावरी?"

"मना पेक्षा जास्त समजी," मी म्हणालो आणि माईक हातात घेतला.

खरं म्हणजे रेकॉर्डिंग लावून देता आलं असतं. पण समोर डोंगर, थंडीची कोवळी उन्हं, भोंगे चांगले, आणि मी. राहवलं नाही. मी प्रत्यक्ष बोललो. टपावर हात ठेवून, डोंगराकडे तोंड करून. प्रतिध्वनी परत यायचा तेवढी जागा सोडून पुढचं वाक्य. "पाड्यावरच्या सगळ्या आयाबहिणींनो, बापभावांनो." आयुष्यात इतकं छान बोललो नाही. बोलून झाल्यावर शेवटचं वाक्य समोरच्या टेकडीवरून परत आलं, नाही चालणार ते लेखी कळवा, आणि मी अक्षरशः मान लववली.

तेव्हा एका मोहाच्या झाडाखालून एक बाई उठली.

सत्तरीच्या पुढची असावी. हातात काठी, पायाशी शेळ्या. ती माझ्यापर्यंत हळूहळू आली आणि पावरीत म्हणाली, "पुन्हा सांग. पहिल्यांदा मी नुसता आवाज ऐकला."

मी तिला अक्का म्हणालो आणि माईक बाजूला ठेवून सगळं पुन्हा सांगितलं, हळू, नाटक न करता. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "कुठली उतरण?"

ड्रायव्हरकडे नकाशा होता. मी हाताने दाखवलं. ओढ्यापासून त्या खडकापर्यंत.

"ती माझी आहे," ती म्हणाली. "सासऱ्याने दगडाचे बांध घातले. मी ज्वारी पेरते. मोह माझे, चारोळी माझी. सरकारकडे दावा टाकलाय. साहेब येऊन बांध बघणार आहे, मग कागद देणार आहे."

"मग तसं लेखी कळवा, अक्का."

"मला लिहिता येतं का?"

"कोणाकडून तरी."

तिने काठी फिरवून दाखवली. घर, काटे, घर, काटे. "होळीला ये. सगळे असतात. आम्ही एकदा ऐकतो, मग घरी बोलतो, मग पुन्हा बसतो. बायका घरी बोलतात ते पुरुष बैठकीत आणतात. तेव्हा सांगू."

"महिना त्याच्या आधी संपतो."

तिने काठी जमिनीवर टेकली. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तू मास्तरचा ना? कान तेच."

मी हो म्हणालो.

"मग तू लिही. मी नाही म्हणते. या उतरणीला नाही. माझा अंगठा घे."

माझ्या खिशात पेन होतं. कागद म्हणून फक्त एका लग्नाची पत्रिका होती, त्याच्यावर कसं लिहिणार? म्हणालो, "मी जळगावला सांगतो. कागद नीट करून आणतो, चार दिवसांत येतो." तिने मान हलवली. मास्तरचा मुलगा येतो म्हणतोय म्हणजे येणार, अशी ती मान होती.

परतताना खिंडीच्या वर मोबाइलला रेंज आली आणि मी लगेच मॅडमना फोन लावला. हे मी केलं. याचा मला पुढे फार आधार वाटायचा. मॅडम म्हणाल्या, "लेखी घ्या आणि पाठवा. अंगठा चालेल. फक्त मुदतीत."

"हो मॅडम."

ड्रायव्हर म्हणाला, "येशी का रे परत?"

"येसू ना."

आणि मग जानेवारी लागला. जानेवारीत निवेदक काय करतो हे शाळांना विचारा. रोज एक स्नेहसंमेलन. फेट्यातली पोरं, लावणीतली चौथीची मुलगी रडते, मुख्याध्यापकांचं भाषण संपत नाही, मी सगळ्यांना हसवतो. एरंडोल, भडगाव, चाळीसगाव, पारोळा. चार दिवस झाले, आठ झाले. तंगड्या वर करून झोपताना म्हातारी आठवायची. कागदही तयार केला, चांगल्या अक्षरात. शेवटी मुदतीच्या आतला शेवटचा रविवार मी राखून ठेवला. शनिवारी भडगावहून फोन आला. लग्नातला ठरलेला निवेदक आजारी, तुम्हीच या, तुमच्याशिवाय कोण? तुमच्याशिवाय कोण, या दोन शब्दांपुढे मी आयुष्यात कधी टिकलो नाही. कागद गाडीच्या डिकीत राहिला. मी भडगावात नवरदेवाच्या मित्रांची फजिती करत होतो.

सोमवारी मुदत संपली. एक बाई नाही म्हणाली तर काय थांबतं, असं मी मनाला सांगितलं. म्हणजे ती म्हणाली त्याला किंमत नव्हती असं मीच ठरवलं. वर बसलेल्या साहेबांसारखं.

होळीनंतर आठवड्याने माझ्या दारात एक माणूस उभा होता. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, हातात मोबाइल. म्हातारीचा पुतण्या, तिच्या नवऱ्याच्या भावाचा मुलगा. तो मराठी चांगली बोलत होता. आत या म्हटलं तर आला नाही.

"भाऊ, हा आवाज तुमचा का?" त्याने मोबाइलवर ते रेकॉर्डिंग लावलं. कंपनीने पाड्यात येऊन तेच ऐकवलं होतं. बघा, तुम्हाला तुमच्या भाषेत कळवलं होतं.

माझाच आवाज माझ्या दारात घुमत होता. शेजारच्या ओट्यावरच्या वहिनी कौतुकाने बघायला लागल्या.

"माझाच," मी म्हणालो.

"काकू म्हणते, तुम्ही येणार होता."

मी त्याच दिवशी त्याच्याबरोबर गेलो. पाड्यावर पोचल्यावर त्याला काही सांगायची गरज उरली नाही. ओढ्यापासून खडकापर्यंत तारेचं कुंपण झालं होतं. आत ओळीने खड्डे, जेसीबीचे. मोहाची झाडं तशीच ठेवली होती, पण प्रत्येकावर पत्र्याचा नंबर ठोकलेला. खड्ड्यांमध्ये एकाच जातीची रोपं, काळ्या पिशवीतून नुकतीच काढलेली.

"दगडाचे बांध?" मी विचारलं.

पुतण्याने कुंपणाच्या खांबाकडे बोट केलं. प्रत्येक खांबाच्या पायात दगड रचले होते. सासऱ्याचे दगड. सरकारचा साहेब येऊन बघणार होता ते दगड. त्यांनी कुंपण छान घट्ट धरून ठेवलं होतं.

म्हातारी घराच्या दारात बसली होती. माझ्याशी बोलली नाही. पुतण्यामार्फत निरोप दिला, जसा परक्याला देतात. आता सांग म्हणावं. आता सगळे आहेत.

तेव्हा पाडा जमला, आणि मी भोंग्याशिवाय, जमिनीवर बसून, तोच मजकूर सांगितला. लोकांनी ऐकलं. घरी गेले. मी पुतण्याकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, बोलले, उठले. तिसऱ्या दिवशी सकाळी एकेक येऊन सांगत गेले. नाही. नाही. शेळ्या कुठे चरतील, म्हणून नाही. एक म्हणाला, झाड लावायला माझी ना नाही, पण विचारायला आधी यायचं होतं. एक बाई म्हणाली, नवरा हो म्हणेल, माझं नाही लिही, आणि नवरा मागे उभा राहून हसला. मी सगळं लिहिलं, अंगठे घेतले. चार पानं झाली. जळगावला नेऊन दिली. पोचही मिळाली, तिच्यावर शिक्का: मुदतीनंतर प्राप्त.

पण एक दार अजून उघडं होतं. हे सगळं नियमाप्रमाणे झालं का ते तपासायला बाहेरदेशातून माणूस येणार होता. त्याने शेरा मारला तर धुराचा हिशेब कुणाच्या नावावर लागणार नव्हता, आणि मग कुंपणही काढावं लागणार होतं. मॅडमनीच मला हे सांगितलं. मी पुतण्याला म्हणालो, म्हातारी मुदतीच्या आत नाही म्हणाली होती, तोंडी, मला. हे मी त्या माणसासमोर सांगणार. मीच साक्षीदार. सोडवतो तुमची उतरण. बोलताना माझा आवाज पुन्हा टपावर हात ठेवल्यासारखा झाला होता, हे पुतण्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

तपासणी धुळ्याला एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. तपासनीस उंच, पांढऱ्या दाढीचा, फार सभ्य. दुपारी त्याने भरीत खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा वाढून घेतलं. मला तो माणूस आवडला. इंग्रजीचं मराठी करायला धुळ्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक होते. पावरीसाठी कोणी मिळालं नव्हतं. पुतण्या तयार होता, पण नातेवाईक चालत नाही असा नियम. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमच्याशिवाय कोण?

म्हातारी माझ्या उजव्या हाताला खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिच्यासाठी बाकीच्यांचं बोलणं पावरीत आणायचं आणि तिचं मराठीत न्यायचं, हे माझं काम.

आधी तिने सांगितलं. कमी बोलली. बांध कोणी घातले, ज्वारी किती वर्षं, दावा कधी टाकला, त्या दिवशी काय म्हणाली. मी तिच्या वाक्यांना हात लावला नाही. मग तपासनीसाने मला विचारलं, हे खरं का? मी हो म्हणालो. मुदतीत? हो. तुम्ही कोणाला कळवलं? मॅडमना, फोनवर, त्याच दिवशी.

मॅडम समोरच होत्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "हो, फोन आला होता. लेखी घ्या, मुदतीत पाठवा, असं मी यांना सांगितलं."

तपासनीस माझ्याकडे वळला. "मग तुम्ही आणलं का?"

"नाही."

"का?"

मी तीस वर्षं हजार माणसांसमोर उभा राहिलो आहे, पण दोन शब्दांत उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आली. म्हणालो, "भडगावला लग्न होतं. निवेदन करायला गेलो."

प्राध्यापकांनी त्याचं इंग्रजी केलं. तपासनीसाने लिहून घेतलं. मग त्याने म्हातारीकडे पाहून मला खूण केली, यांनाही सांगा. यांच्या भाषेत. तो नियमच होता.

इथे मी चार सेकंद थांबलो. पावरीत मी काहीही म्हणू शकलो असतो. आजारी होतो. गाडी बंद पडली. खोलीत पावरी कळणारा पुतण्या होता, पण तो मागे, दाराजवळ होता. मी म्हातारीकडे वळून म्हणालो, "साहेबाने विचारलं, कागद का नाही आणलास. मी सांगितलं, मी लग्नात माईकवर बोलायला गेलो होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "किती लोक होते?"

"पुष्कळ."

"हं," ती म्हणाली. "इथे मी एकटीच होते."

तपासनीसाने विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी मराठीत सांगितलं. प्राध्यापकांनी इंग्रजीत सांगितलं. तेही लिहून घेतलं गेलं.

पावसाळ्याच्या तोंडावर अहवाल आला. मॅडमनी फोनवर त्यातला परिच्छेद वाचून दाखवला, आवाज खाली करून. एका रहिवाशाने मुदतीत तोंडी हरकत घेतली होती, हे मान्य. ती हरकत पुढे न पोचण्याचं कारण स्थानिक दुभाष्याचा वैयक्तिक हलगर्जीपणा, जो त्याने स्वतः कबूल केला. प्रकल्पाची पद्धत योग्य होती. भाषेची निवड उत्तम. सूचना: यापुढे दुभाष्यांना प्रशिक्षण द्यावं. मंजूर.

मी जे खरं सांगितलं त्याने उतरण सुटणार होती. त्यानेच प्रकल्प सुटला. चूक कोणाची, या प्रश्नाला एक धडधाकट माणूस उत्तर म्हणून मिळाल्यावर पौषात पाडा रिकामा असतो हे कोणाला लिहायची गरज उरली नाही. माझं नाव अहवालात नाही. दुभाषी, एवढंच आहे. प्रशिक्षण मात्र झालं, जळगावात, अर्धा दिवस, जेवणासह. विषय, संमती कशी घ्यावी. मला प्रमाणपत्र मिळालं आणि आभारप्रदर्शन मीच केलं, कारण दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं.

म्हातारीला मोह वेचायला कार्ड देऊ केलं होतं. सकाळी कुंपणाच्या दारावर दाखवायचं, संध्याकाळी टोपली दाखवून बाहेर पडायचं. तिने घेतलं नाही. या वर्षी फुलं झाडांखाली पडून वाळली, मग डुकरांनी खाल्ली. डुकरांना कार्ड लागत नाही.

जमिनीचा दावा अजून चालू आहे. प्रांताच्या कचेरीत सुनावणी असते. मी प्रत्येक वेळी जातो. पहिल्या वेळी पुढे होऊन म्हणालो, अक्का, मी सांगतो साहेबांना. ती म्हणाली, तू नको. तेव्हापासून मी बाहेरच्या बाकावर बसतो. आत ती स्वतः मराठीत बोलते. मराठी तिला येत नाही. क्रियापदं पावरी, बाकीचं बाजारात ऐकलेलं. दारातून ऐकताना माझी जीभ वळवळते, इथे हा शब्द टाक, इथे थांब. मी ती दातांखाली धरून ठेवतो. साहेब विचारतात, बांध कुठे आहेत? ती सांगते, खांबाखाली. साहेब म्हणतात, खांबाखालचे दगड हा पुरावा कसा होईल. मग कागद उलटल्याचा आवाज, आणि तारीख.

यावेळची तारीख संक्रांतीनंतरची मिळाली. जागेवर पाहणी आहे, त्या दिवशी शेजारी आणि पंच हजर पाहिजेत, नाहीतर दावा निकाली काढला जाईल. कचेरीच्या पायऱ्यांवर पुतण्याने मला ते वाचून दाखवलं, कारण मी विचारलं. त्या दिवसांत तुम्ही सगळे गुजरातेत असता, मी म्हणालो.

"बैठका झाल्या. तीन," तो म्हणाला. "यंदा पाड्यावरचं कोणी ऊस तोडायला जाणार नाही."

"मग खाणार काय?"

तो चपला घालत होता. म्हातारी पायऱ्या उतरून एसटीच्या दिशेने चालायलाही लागली होती. "ते अजून ठरलं नाही," तो म्हणाला आणि तिच्या मागे गेला.